घोड्याला पाणी कोण पाजतं?

शनिवारी रात्री नऊ वाजता आमच्या हॉलमध्ये गोळीबार होतो. जेवणं आटोपलेली असतात, ओटा पुसून झालेला असतो, विरजण लावलेलं असतं. मी टीव्हीच्या मागे हात घालून पेनड्राइव्ह खुपसतो आणि पुढचे दोन तास अमेरिकेच्या पश्चिमेला काढायच्या तयारीने बसतो. तयारीच फक्त. नऊ वाजून चार मिनिटांनी शेजारच्या खुर्चीतून पहिला आक्षेप येतो.

आक्षेप हा शब्द मी विचार करून वापरतोय. आमच्या हिने चौतीस वर्षं सरकारी लेखापरीक्षणात काढली. ही ऑडिटला येणार म्हटल्यावर तालुक्याच्या कचेरीतले कारकून आदल्या रात्री जागून व्हाउचरं चिकटवत बसायचे. निवृत्तीच्या दिवशी खात्याने शाल-श्रीफळ दिलं आणि कपाटाची किल्ली परत घेतली. नजर परत घ्यायची तेवढी राहून गेली. ती नजर आता शनिवारी रात्री काउबॉयवर असते.

नायक येतो. क्षितिजावर आधी ठिपका, मग धूळ, मग टोपी. दिवसभर उन्हातून रपेट करून तो गावात शिरतो, सलूनसमोर उतरतो, लगाम आडव्या खांबाला नुसता गुंडाळतो आणि आत जातो.

"अहो, त्या घोड्याला पाणी कोण पाजतं?"

"पाजत असेल कुणीतरी."

"कोण? दाखवलं नाही."

"अगं, सिनेमा घोड्याबद्दल नाहीये."

"चालला तो, आणि प्यायला हा!"

मी आवाज दोन घरं वाढवतो. उपयोग शून्य. गोळीबाराच्या वर हिचा आवाज सहज जातो, कारण जिल्हा परिषदेच्या सभागृहात माइकशिवाय बोलायची सवय. सलून या शब्दावरूनही पहिल्याच शनिवारी खडाजंगी झाली होती. "एवढे सगळे सलूनमध्ये जातात आणि दाढी एकाचीही केलेली नाही!" सलून म्हणजे तिथला गुत्ता, हे समजावल्यावर तिने तो आक्षेप मागे घेतला आणि लगेच दुसरा नोंदवला. बिल कोणी दिलं? आता खरंच आठवून बघा. नायक गुत्त्यात शिरतो, व्हिस्की मागतो, एका घोटात संपवतो, दोघांना आरशावर फेकतो, एकाला जिन्यावरून खाली आणतो आणि निघून जातो. आरसा कोणाच्या खर्ची पडला? सहा गोळ्यांच्या पिस्तुलातून अकरा बार काढले, तर सात ते अकरा कुठल्या साठ्यातून आल्या? 'हाय नून'च्या वेळी तर मला रडूच यायचं बाकी होतं. १९५२चा सिनेमा. दुपारी बाराच्या गाडीने मारेकरी येतोय, एकटा पडलेला गॅरी कूपर चर्चमध्ये जमलेल्या गावकऱ्यांकडे मदत मागतो, ते चर्चा करतात आणि शेवटी हात वर करतात. माझ्या घशात आवंढा.

"सभेची नोटीस किती दिवस आधी दिली होती?"

"नोटीस कसली? बाराच्या गाडीने माणूस येतोय त्याला मारायला!"

"मग ठराव झाला असता तरी ग्राह्य धरता आला नसता," ही म्हणाली आणि शेंगदाण्याची वाटी पुढे सरकवली.

माझं दुःख तुम्हाला कळावं म्हणून थोडं मागे जातो. कॉलेजात असताना मी मॅटिनीला क्लिंट ईस्टवुड पाहिला आणि त्या दिवसापासून डोळे बारीक करून जगाकडे बघायला लागलो. वाण्याकडे, प्राध्यापकांकडे, समोरच्या बिल्डिंगमधल्या मुलीकडे. आठवडाभर आईने पाहिलं आणि मला सरळ डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. नंबर निघाला, मायनस दीड. गेली पंचेचाळीस वर्षं मी चष्मा लावतोय तो असा. मग काही दिवस तोंडाच्या कोपऱ्यात आगपेटीची काडी धरून हिंडलो. वडिलांना ती लांबून विडी वाटली. त्यांचा हात पिस्तुलापेक्षा जलद निघाला.

नोकरी लागल्यावर शेवटची हौस उरली होती, अर्ध्या दरवाजाची. आमच्या साहेबांच्या केबिनला ते दोन्हीकडे झुलणारे अर्धे दरवाजे होते, थेट गुत्त्यासारखे. एका सकाळी मी दोन्ही पंजांनी ते ढकलले, आत दोन पावलं टाकून थांबलो आणि साहेबांकडे डोळे बारीक करून पाहिलं. दरवाजे मागे गेले, परत आले, आणि माझ्या मागून चहाचा ट्रे घेऊन येणाऱ्या शिपायाला लागले. सहा कप. भरपाई माझ्या पगारातून. म्हणजे हिचा प्रश्न मला तेव्हाच सुटायला हवा होता. गुत्त्याच्या आरशाचे पैसे कोण भरतं? जो ऐटीत आत येतो, तो.

तर अशा रीतीने माझे आवडते सिनेमे एकेक करून बाद होत गेले. अखेर एका शनिवारी नाइलाजाने मी 'सपोर्ट युवर लोकल शेरीफ' लावला. १९६९चा, दिग्दर्शक बर्ट केनेडी. थडगं खणताना गावात सोनं सापडतं, गावाची भरभराट होते, गुंडांची त्याहून जास्त. जेम्स गार्नर तिथे शेरीफ म्हणून लागतो, तेही जाता जाता, कारण त्याला खरं म्हणजे ऑस्ट्रेलियाला जायचंय. पहिल्याच दिवशी तो कैदी पकडतो आणि तुरुंगात घेऊन येतो. तुरुंग नवा कोरा आहे, फक्त गज अजून आलेले नाहीत.

ही खुर्चीत सावरून बसली. "पुरवठादाराकडून थकले असणार."

गार्नर काय करतो, तर जमिनीवर खडूची रेघ ओढतो, पलीकडे लाल रंगाचे चार शिंतोडे उडवतो आणि कैद्याला सांगतो, आधीच्याने ही रेघ ओलांडली होती. ब्रूस डर्नने तो कैदी झकास रंगवलाय. कोठडीला गज नाहीत, दार उघडं, आणि तो दांडगट त्या रेघेकडे बघत मुकाट बसून राहतो.

"हे बरोबर आहे," ही म्हणाली. "खर्च एक खडू." चौतीस वर्षांच्या संसारात हिने 'हे बरोबर आहे' मोजून तीनदा म्हटलंय, त्यातलं एक त्या रात्री जेम्स गार्नरला गेलं. दुसऱ्या दिवशी तिने सोसायटीच्या पार्किंगमध्ये पिवळी रेघ मारून घेतली. ती मात्र कोणीही पाळत नाही. लाल शिंतोडे मारायला कमिटीची मंजुरी मिळाली नाही.

याच सिनेमात वॉल्टर ब्रेनन गुंडांचा बाप आहे. तो गार्नरवर पिस्तूल रोखतो तेव्हा गार्नर नळीच्या तोंडात सरळ बोट घालतो. ब्रेनन म्हणजे ऐरागैरा नाही, तीन ऑस्कर मिळवलेला नट, आणि १९४६च्या 'माय डार्लिंग क्लेमेंटाइन'मध्ये तो असाच, पण खराखुरा क्रूर बाप होता, पोरांना घेऊन रक्तपात करणारा. इथे तो बोट घातलेल्या पिस्तुलाकडे असा बघतो, जसा मी नळाला पाणी नसताना नळाकडे बघतो.

त्या रात्रीपासून आमच्या घरात विनोदी वेस्टर्नचं राज्य सुरू झालं. मला उशिरा उमगलं. गंभीर वेस्टर्न हिचे प्रश्न टाळून पुढे जातो. विनोदी वेस्टर्नवाले हिच्याच शेजारच्या टेबलावर बसून कामाला लागलेले असतात. वाळवंटात टोलनाका आला तर? मेल ब्रूक्सच्या १९७४च्या 'ब्लेझिंग सॅडल्स'मध्ये तो येतो. आजूबाजूला मैलोगणती मोकळं रान, मधोमध एक अडसर, आणि गाव लुटायला निघालेली सशस्त्र टोळी त्याच्यापुढे निमूट थांबते, कारण सुट्टे नाहीत! एकाला नाणी आणायला परत पाठवतात. बाजूने घोडा घालावा हे एकाच्याही डोक्यात येत नाही. ही त्या प्रसंगाला उभी राहिली. मला वाटलं पाणी आणायला चालली, पण ती आदराने उभी राहिली होती.

त्याच सिनेमात शेकोटीभोवती बसून घेवड्याच्या बिया खाणारे काउबॉय आहेत. वेस्टर्नमध्ये लोक वर्षानुवर्षं रात्रंदिवस तेच खात आले, आणि त्याचा परिणाम काय होत असेल, हा प्रश्न मेल ब्रूक्स येईपर्यंत पडद्यावर कोणी विचारला नव्हता. त्याने विचारला आणि उत्तर आवाजासकट ऐकवलं. या विनोदाला नाकं मुरडणारी मंडळी आहेत. पावट्याची उसळ खाऊन नंतर भजनाला मांडी घालून बसलेल्या माणसाने ती मुरडू नयेत, एवढंच माझं म्हणणं.

गावातल्या सगळ्यांचं आडनाव जॉन्सन, हे पाहून हिला नवल वाटलं नाही. हिच्या माहेरी सगळे पाटीलच आहेत, पोस्टमन टोपणनावांवर पत्रं वाटतो. या जॉन्सनांच्या गावात काळा शेरीफ येतो, गोरे गावकरी बंदुका रोखतात, तेव्हा तो स्वतःच्याच डोक्याला पिस्तूल लावून स्वतःला ओलीस धरतो. कोणी हलला तर याला उडवीन! आणि गावकरी घाबरून बंदुका खाली करतात. क्लीव्हन लिटल हा नट ती धमकी आणि ती गयावया, दोन्ही एकाच तोंडाने करतो. लोक किती सहज बनतात आणि किती बिनडोकपणे द्वेष करतात, हे दोन्ही त्या एका मिनिटात आहे. मला तो प्रसंग फार ओळखीचा वाटला. आमचे सेक्रेटरी दर वार्षिक सभेला हेच करतात. "मी राजीनामा देतो!" की सगळे "नको नको, असं करू नका." मागच्या सभेत मीही तो प्रयोग केला. सांस्कृतिक समितीचा राजीनामा देतो म्हणालो. तो टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला, आणि पेढे आधीच आणून ठेवलेले होते असं आता कळतंय.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. या सिनेमाचं शीर्षकगीत गायलं फ्रँकी लेनने, खऱ्याखुऱ्या वेस्टर्नची गाणी गाजवलेला गायक. त्याला सिनेमा थट्टेचा आहे हे माहीतच नव्हतं. तो जीव ओतून गायला, आणि ते ऐकून मेल ब्रूक्सला सांगायचा धीर झाला नाही. मी हसत होतो. ही म्हणाली, "सांगायला हवं होतं त्यांना." पुढचा अर्धा तास मला हसू आलं नाही.

१९४०च्या 'गो वेस्ट'मध्ये मार्क्स बंधू आगगाडीचं लाकूड संपलं म्हणून डबेच कुऱ्हाडीने फोडून इंजिनात घालतात. शेवटी गाडीचा नुसता सांगाडा धावतो. मी लोळत होतो. हिला रात्रभर झोप नाही. दोन वाजता मला हलवून विचारलं, "निर्लेखनाला मंजुरी कोणाची होती?"

उलट बस्टर कीटन तिला मनापासून आवडला. त्याच्या मूकपटाचं नावही 'गो वेस्ट'च, साल १९२५. त्याला गाय पिळायला सांगतात, तर तो बादली गायीखाली ठेवतो आणि बाजूला बसून वाट बघतो. जुगाराच्या डावात पिस्तूल रोखून त्याला हसायला फर्मावतात. याच्या चेहऱ्यावर हसू जन्मात फुटत नाही, म्हणून बिचारा दोन बोटांनी ओठांचे कोपरे वर ढकलतो. सासरच्या लग्नातल्या फोटोंत मीही नेमका तसाच दिसतो. आणि शेवटी मालक खूश होऊन हवं ते माग, असं म्हणतो तेव्हा हा माणूस मागतो ती गाय.

"दुभती आहे," ही म्हणाली. "शहाणा आहे तो."

मला स्वतःला सगळ्यात जवळचा वाटतो तो 'द पेलफेस'मधला बॉब होप. १९४८. हा भित्रा दंतवैद्य. गोळ्या झाडते ती जेन रसेल, आडून. हा डोळे मिटून बार काढतो आणि मेलेले मोजून स्वतःला शूरवीर समजतो. (मेलेले अर्थातच रेड इंडियन, त्या काळच्या हॉलिवुडला त्यांचा जीव फुकटातला वाटे आणि ती थट्टा आज घशाखाली उतरत नाही.) पण आडून गोळी कोण मारतंय हे न कळणारा नवरा, हे पात्र अजरामर आहे. गच्चीची गळती मी पाठपुरावा करून थांबवली, असं अख्ख्या सोसायटीला वाटायचं. मलाही वाटायचं. मग एकदा ठेकेदाराच्या मोबाइलवर हिचे सतरा मिस्ड कॉल दिसले.

होपला द्वंद्वाला जायची वेळ येते तेव्हा गावातले तिघं तीन सल्ले देतात. तो डावीकडून पिस्तूल काढतो, उजवीकडे झुक. वारा पूर्वेचा आहे, पश्चिमेला नेम धर. तो वाकून मारतो, टाचा उचल. होप ते पाठ करत निघतो आणि रस्त्याच्या मध्यापर्यंत त्याच्या डोक्यात सगळ्याची मिसळ झालेली असते. हा सिनेमा पाहून झाला त्याच आठवड्यात मी गाडी रिव्हर्स घेत होतो. वॉचमन म्हणाला, येऊ द्या. दुसऱ्या मजल्यावरचे कुलकर्णी म्हणाले, डावीकडे कापा. इस्त्रीवाला म्हणाला, पूर्ण कापा. दूधवाला नुसता हात हलवत होता, थांबायला की यायला, देव जाणे. मी डावीकडे पूर्ण कापत येऊ दिलं. मागचा दिवा गेला, आणि हिने मारून घेतलेली पिवळी रेघ मी अडीच फुटांनी ओलांडली होती.

दारूबद्दल घरात सहसा बोलत नाही, पण 'कॅट बलू'मधल्या ली मार्व्हिनला हिने माफ केलं. १९६५चा सिनेमा, त्यात तो बंदूकबाज आहे, तोही दारुडा. प्यायली नाही तर हात थरथरतो, जास्त प्यायली तर धान्याचं कोठारही चुकतं, आणि मधली जी एक दीड मिनिटांची जागा आहे तेवढ्यात तो जगातला सर्वोत्तम नेमबाज. त्यात एक चित्र आहे, हा झिंगून घोड्यावर लवंडलेला, आणि घोडा पाय आडवे टाकून भिंतीला रेललेला, जणू त्यालाही चढलीये. मार्व्हिनला ऑस्कर मिळालं, तेही लॉरेन्स ऑलिव्हिएचा ऑथेल्लो आणि रिचर्ड बर्टन स्पर्धेत असताना. घेताना तो म्हणाला की यातलं अर्धं सॅन फर्नांडो खोऱ्यातल्या एका घोड्याचं आहे.

"बघा," ही म्हणाली. "एकाने तरी घोड्याचा हिशेब ठेवला."

आणि लॉरेल-हार्डी. १९३७चा 'वे आउट वेस्ट' आम्ही आता वर्षातून दोनदा लावतो, दिवाळीत आणि मार्चअखेरीस. गुत्त्याबाहेर दोघं नाचतात तो नाच बघून ज्याला बरं वाटत नाही त्याने रक्त तपासून घ्यावं. खाणीचे कागद परत मिळवू, नाहीतर तुझी टोपी खाईन, असं लॉरेल बोलून जातो. कागद मिळत नाहीत. हार्डी शब्दाला पक्का, खायला लावतो. लॉरेल आधी रडत चावतो, मग मीठ लावून खातो, मग त्याला ती आवडायलाच लागते, आणि हार्डी चोरून स्वतः एक घास घेऊन बघतो. ही टोपी पुढे येणार आहे, लक्षात ठेवा.

कारण गेल्या हिवाळ्यात आम्ही माथेरानला गेलो. तिथे मोटारींना बंदी, घोड्यांना नाही. बाजारात मी अडीचशे रुपयांची काउबॉय टोपी घेतली, गवती विणीची, कडा वर वळलेली. घोडेवाला म्हणाला, "काका, एकदम शांत आहे. लहान पोरं बसतात याच्यावर." घोड्याचं नाव बादल. मी स्टुलावर चढून, दोघांनी खालून लोटून, एकदाचा वर बसलो, डोळे बारीक केले आणि टाच मारली.

बादल हलला नाही. घोडेवाल्याने जिभेने टक् केलं तेव्हा हलला, चिक्कीच्या दुकानापर्यंत गेला आणि तिथे थांबला. दुकानदाराने सवयीने गुळाचा खडा दिला. मग तो पाण्याच्या हौदाकडे वळला. मी लगाम ओढला, "हो, हो" म्हणालो, "बादल बेटा" म्हणालो. त्याने मान खाली घातली आणि प्यायला लागला. घोडा मान खाली घालतो तेव्हा वर बसलेल्याच्या समोर काहीही उरत नाही, फक्त उतार. मी खोगिराला कवटाळून त्या उतारावर किती वेळ होतो सांगता येत नाही. शाळेची एक सहल तेवढ्यात माझ्यासोबत फोटो काढून गेली.

"अगं, याला थांबव ना!"

"पिऊ दे," ही हौदाच्या कठड्यावर निवांत टेकून म्हणाली. "इतकी वर्षं विचारतेय मी. आज कळलं. त्याचा तोच पितो."

उतरताना माझी टोपी पडली. चष्मा सावरून खाली बघेपर्यंत बादलने तिची पुढची कड खाल्ली होती. लॉरेलसारखं मीठही मागितलं नाही.

घरी आल्यावर हिने रोजच्याप्रमाणे हिशेबाची वही काढली. मी कोपऱ्यात बसून गप्प. टोपीचं काय लिहिते ते बघायची हिंमत दुसऱ्या दिवशी झाली. माथेरानच्या पानावर, प्रवास आणि जेवणाच्या खाली, तिच्या टपोऱ्या अक्षरात नोंद आहे: घोड्याची चंदी, रुपये २५०. पावती नाही.